नळी नऊ इंचांची, गोष्ट दोनशे वर्षांची

बालाघाटहून घाट चढून वर गेलं की परसवाड्याचं पठार लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक यांनी या पठारावर पहिली गावं वसवली, अशी नोंद इंग्रजी आमदानीतल्या गॅझेटियरात आहे. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. बालाघाट जिल्हा बराच नंतर, १८६७ च्या सुमारास आकाराला आला. या भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर, देवघरामागे किंवा धान्याच्या कोठीत एखादी तलवार, ठासणीची बंदूक, क्वचित एखादं पिस्तूल आढळतं. त्याबरोबर एक गोष्टही येते, आणि बहुतेक वेळा ती कुठल्यातरी मोठ्या लढाईपर्यंत जाऊन पोचते.

अशा वस्तूची ओळख कशी पटवायची, हा या लेखाचा विषय आहे. त्यावर दोन मतं आहेत आणि मला दोन्ही महत्त्वाची वाटतात, म्हणून ती दोन माणसांच्या तोंडून मांडतो. मामाजी परसवाड्याचे, निवृत्त शिक्षक, घराण्याची आठवण जपणारे. त्यांची भाची नागपुरात राहते आणि जुन्या शस्त्रांच्या नोंदी करते. संवाद रचलेला आहे; यातलं घर आणि पिस्तूल कुणा एकाचं नाही. खुणा, मापं, तारखा आणि कायदे मात्र खरे आहेत.

मामाजी : हे बघ बाई. माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला तिच्या सासऱ्यांनी. सीताबर्डीच्या लढाईत आपला पूर्वज अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत होता. कंपनीचा एक घोडेस्वार पडला, त्याच्या खोगिराला लावलेलं हे पिस्तूल त्यानं काढून आणलं. आमच्यासाठी याची ओळख एवढीच. आता तू फूटपट्टी घेऊन बसलीस तर त्यानं काय वेगळं कळणार?

भाची : कळेल तेवढं कळेल. पण मोजण्याआधी एक सांगा मामाजी, आत बार भरलेला आहे का, हे कुणी पाहिलंय?

मामाजी : दोनशे वर्षांत कोण भरणार?

भाची : दोनशे वर्षांपूर्वी भरला असेल तर? काळी दारू कोरडी राहिली तर मरत नाही. ठासणीची हत्यारं भरलेलीच भिंतीवर टांगून ठेवायची पद्धत होती. म्हणून पहिलं काम हे. लाकडाची बारीक काडी नळीत अलगद टेकेपर्यंत घालायची, नळीच्या तोंडाशी काडीवर खूण करायची. मग तीच काडी बाहेरून नळीला लावायची, खूण तोंडाशी धरून. काडीचं टोक कानापर्यंत, म्हणजे जिथून आग आत जाते तिथपर्यंत पोचलं, तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. मग घरी कोरायचं नाही, घोडा ओढून बघायचा नाही; तसंच ठेवून पोलिसांना कळवायचं. ... हे पोचलंय. रिकामं आहे.

मामाजी : बरं. मोज आता.

भाची : नळीची लांबी तोंडापासून बुडापर्यंत धरतात. लाकडात घुसलेली मागची शेपटी त्यात धरत नाहीत. प्रत्येक जातीच्या हत्याराची मोजायची रीत वेगळी आहे. रिव्हॉल्व्हर असेल तर फिरत्या चक्राच्या पुढून तोंडापर्यंत, चक्र सोडून. आपोआप भरणारं पिस्तूल असेल तर काडतूस जिथं बसतं ती जागाही धरून. रीत चुकली की माप चुकतं आणि मग पुढची सगळी ओळखच चुकते. ही नळी भरली नऊ इंच. दोनशे अठ्ठावीस मिलिमीटरच्या जरा वर.

मामाजी : यातून काय निघालं?

भाची : नऊ हा पूर्ण आकडा आला, हेच पहिलं निघालं. इंग्रजी हत्यारं इंचात आखली जायची. जड घोडदळाची आणि आरमाराची जुनी पिस्तुलं बारा इंच नळीची होती. १७५० च्या दशकाच्या शेवटापासून हलक्या घोडदळाला नऊ इंची नळी आली आणि मग तीच मुख्य झाली. नेपोलियनच्या काळातली फ्रेंच लष्करी पिस्तुलं वीस-एकवीस सेंटिमीटर नळीची, इंग्रजी इंचात मोजली तर आठच्या आतबाहेर. म्हणजे लांबीनं निदान देशाची दिशा दिली.

मामाजी : आणि साल?

भाची : साल नाही दिलं. नऊ इंचांची नळी ऐंशी-नव्वद वर्षं बनत राहिली. शिवाय लांबीवर विश्वास ठेवण्याआधी नळी कापलेली नाही ना, हे बघावं लागतं. हा गज पाहा. तोंडाजवळ दुहेरी बिजागरानं नळीलाच अडकवलाय, घोड्यावर बसून भरताना हातातून पडू नये म्हणून. बिजागर जागेवर आहे, गज नळीखाली बरोबर बसतो, पुढे डोकावत नाही. कापलेल्या नळीचं बिजागर नाहीसं होतं किंवा मागे सरकवलेलं दिसतं, गज लांब पडतो. इथं तसं काही नाही. लांबी मूळची आहे.

मामाजी : तोंडाची रुंदी घेतलीस का?

भाची : साडेसोळा मिलिमीटर, साधारण पासष्ट शतांश इंच. घोडदळाच्या छोट्या बंदुकीचं, कडाबिनीचं हेच माप. स्वाराकडे कडाबीन आणि पिस्तूल दोन्ही असायची. दोघांना एकच गोळी चालली तर रसद सोपी. पायदळाच्या बंदुकीचं तोंड याहून मोठं, पाऊण इंचाचं. लांबी, तोंड आणि बिजागराचा गज, तिन्ही एका दिशेला जातात. हे घोडेस्वाराचं लष्करी पिस्तूल आहे.

मामाजी : मग आजी काय वेगळं सांगत होती? तुला तीन मापं घ्यावी लागली, तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

इथं मामाजींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार पिढ्या तोंडी चालत आलेली गोष्ट लष्करी घोडदळाच्या पिस्तुलाला घोडेस्वाराचंच म्हणते, शिकारीचं किंवा सावकाराचं म्हणत नाही, याला अर्थ आहे. तोंडी परंपरेत तपशील गळतात, नावं बदलतात, पण वस्तूचा मूळ प्रकार पुष्कळदा टिकून राहतो. भाचीलाही हे मान्य आहे. तिचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे.

भाची : आजीनं प्रकार बरोबर सांगितला, हे मी लिहून ठेवते. आता खुणा बघू. घोड्याच्या बाजूच्या या लोखंडी पट्टीवर भिंग धरा. काय दिसतं?

मामाजी : जनावर आहे. मागच्या पायांवर उभं.

भाची : सिंह. पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण, साधारण १८०८ पासूनची. त्याआधी कंपनीच्या हत्यारांवर हृदयाच्या आकाराची खूण असे. हृदयाचे चार भाग, त्यात कंपनीची आद्याक्षरं, आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी रेघ. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं. म्हणजे सिंहानं आपल्याला पन्नास वर्षांची चौकट दिली.

मामाजी : राणीच्या फौजेचं असतं तर?

भाची : राजाच्या, म्हणजे थेट ब्रिटिश सैन्याच्या हत्यारावर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं आणि बहुधा 'टॉवर' हा शब्द असतो. लंडनच्या टॉवरमध्ये तपासून जमा झालेलं हत्यार, एवढाच त्याचा अर्थ. जॉर्जची अक्षरं असली तर १८३० च्या आधीचं, व्हिक्टोरियाची असली तर १८३७ ते १९०१ मधलं. आणि हे लक्षात ठेवा मामाजी, कारण बाजारात फसवणूक इथंच होते. व्हिक्टोरियाची अक्षरं आणि खाली साल १९१० नंतरचं, उलटं कोरलेलं इंग्रजी एन, 'टॉवर'चं स्पेलिंग चुकलेलं, अशी हत्यारं सरहद्द प्रांतात बनली. आपल्याकडेही शोभेची म्हणून ती बनतात आणि जुनी म्हणून विकली जातात. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. मेलेल्या राणीचा शिक्का नव्या हत्यारावर कसा पडेल?

मामाजी : हे नळीच्या बुडाशी काय आहे? दोन छोटे ठसे दिसतात.

भाची : मुकुटाखाली जी-पी, आणि मुकुटाखाली व्ही. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाचे ठसे. जादा दारू भरून नळीतून बार उडवून बघायचे. टिकली तर पहिला ठसा, नंतर डोळ्यांनी तपासून दुसरा. बर्मिंगहॅमला स्वतःचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानं मिळालं. तिथला ठसा वेगळा, मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड. म्हणजे ही नळी लंडनला तपासली गेली.

मामाजी : मग झालंच. १८०८ नंतरचं, कंपनीचं, घोडेस्वाराचं. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली घोडदळानं हल्ला केला, हे शाळेतल्या पोरांनाही मी शिकवलंय. सगळं जुळलं. लिही, सीताबर्डीचं पिस्तूल.

भाची : नाही लिहिणार.

मामाजी : काऊन? तुझ्याच खुणांनी सिद्ध झालं ना!

भाची : सिद्ध झालं नाही, शक्य ठरलं. १८१७ साल या चौकटीत बसतं, तसंच १८११ ही बसतं आणि १८३५ ही. कंपनीनं अशी पिस्तुलं ढिगानं आणली होती. मद्रासच्या घोडदळाकडे होती, बंगालच्या होती, निजामाच्या तैनाती फौजेकडे गेली असतील. जुनी झालेली हत्यारं लिलावात निघाली, रोहिल्यांनी, पेंढाऱ्यांनी, जमीनदारांनी घेतली. यांतलं कुठलंही एक परसवाड्याला पोचू शकतं. माझं काम एवढंच सांगणं की गोष्ट खोटी ठरलेली नाही.

माझ्या मते जुन्या वस्तूंच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा नेमका इथं होतो. खुणा गोष्टीच्या विरोधात गेल्या, तर माणूस निदान थांबतो, विचार करतो. खुणा गोष्टीला परवानगी देतात तेव्हा आपण परवानगीलाच पुरावा समजतो. मग दिवाणखान्यात पाटी लागते, पाटीचा फोटो छापला जातो, आणि पुढची पिढी त्या छापलेल्या फोटोला पुरावा मानते.

मामाजी : मग सिद्ध झालं असं तू कधी म्हणशील? की कधीच नाही?

भाची : म्हणते ना. तुमच्याच राज्यातलं, इंदूरचं उदाहरण घ्या. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाला. पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंची, मग भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं ते कोल्ट पिस्तूल पुढं पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रामार्गे इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहालयात येऊन पडलं. वर काळा रंग फासलेला. कुणाच्या ध्यानीमनी नाही. २०१६ च्या सुमारास शोध लागला, रंग खरवडला, नंबर दिसला, १६८८९६. लाहोर खटल्याच्या कागदांत तोच नंबर होता. तेव्हा म्हणता आलं, हेच ते. २०१७ मध्ये ते हुसैनीवाल्याच्या संग्रहालयात गेलं.

मामाजी : नंबर होता म्हणून.

भाची : नंबर होता आणि त्या नंबरचा कागदही होता. दोन्ही लागतात. आणि यात लांबीही साक्ष देते. बत्तीस बोअरच्या या कोल्टची नळी सुरुवातीला चार इंचांची होती. साधारण बहात्तर हजारांच्या नंबरापासून कोल्ट कंपनीनं ती पावणेचार इंच केली. म्हणजे १६८८९६ नंबरच्या पिस्तुलाची नळी पावणेचार इंचच असायला हवी. कुणी चार इंची नळीवर हा नंबर दाखवला, तर काहीतरी बदललंय, असं लगेच म्हणता येतं. नंबर, लांबी आणि कागद एकमेकांना असे धरून ठेवतात. नाशिकच्या प्रकरणातही तेच झालं. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. हातातल्या ब्राउनिंगचा माग काढत पोलीस लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपर्यंत आणि सावरकरांपर्यंत पोचले.

मामाजी : बघ, तूच बोललीस. तुझे सगळे पुरावे पोलिसांचे, कोर्टाचे, कंपनीचे. ज्यांनी राज्य केलं त्यांनी ठसे मारले आणि कागद ठेवले. हे परसवाड्याचंच बघ. गॅझेटियर म्हणतं, इथं आधी गाव नव्हतं. अन् गोंड, बैगा कुठं राहत होते? सारा भरणारी गावं नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड गाळत होते. व्हेरिअर एल्विननी १९४२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा ते छापात आले. त्यांच्या लोखंडावर कुठला शिक्का? ज्यावर शिक्का नाही, त्याला इतिहास नाही, असं म्हणायचं का?

भाची : नाही म्हणायचं. तुमचं हे बरोबर आहे. आग्र्याला महादजी शिंद्यांनी सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या हाताखाली बंदुकांचा आणि तोफांचा कारखाना चालवला. तिथला माल कंपनीच्या मालाच्या तोडीचा होता. त्याचं नाव तरी राहिलं. ज्या शेकडो लोहारांनी गावोगाव नळ्या ठोकल्या, त्यांचं काहीच नाही. शिक्क्यांच्या पुस्तकात फक्त शिक्का मारणारे सापडतात.

मामाजी : मग?

भाची : मग शिक्का नसलेली खूण शोधायची. इकडे या. घोड्याची ही बाजू पुन्हा बघा. सिंहाच्या पुढे, पट्टीवर, तीन गोल ठिपके दिसतात. रंग थोडा वेगळा.

मामाजी : बुजवलेली भोकं आहेत.

भाची : तीच. हे पिस्तूल जन्माला आलं तेव्हा गारगोटीचं होतं. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी झडप, खाली रंजकाची वाटी. वाटी, झडप आणि तिची कमान जिथं स्क्रूनं बसवल्या होत्या, त्या जागा या. कुणीतरी ते सगळं काढलं, भोकं बुजवली, नळीच्या कानात जाड लोखंडी तुकडा फिरवून बसवला आणि त्यावर आपटल्यावर पेटणारी टोपी ठेवायचं निपल लावलं. पिस्तूल टोपीचं झालं. ब्रिटिश सैन्य १८४० च्या आगेमागे टोपीवर गेलं, गावाकडे टोप्या मिळायला आणखी वेळ लागला. म्हणून मूळ पिस्तूल त्याआधीचं आणि हा बदल त्यानंतरचा.

मामाजी : बदल कंपनीच्या कारखान्यात झाला असेल.

भाची : कारखान्यात झाला असता तर भोकं एकसारखी बुजवून, घासून, पॉलिश केली असती. इथं कानस आडवी-तिडवी फिरलीय. तिसऱ्या भोकात तर पितळ ठोकलंय, लोखंड नाही. निपलच्या तुकड्याचा आटा हातानं पाडलाय. घोडा जुनाच आहे, त्याचा जबडा कापून त्याला टोपीवर आपटणारं डोकं जोडलंय. हे गावच्या लोहाराचं काम आहे, आणि चांगलं काम आहे, कारण घोडा बरोबर निपलच्या मध्यावर पडतो.

मामाजी : म्हणजे हा त्या लोहाराचा शिक्का.

भाची : हो. हे पिस्तूल फौजेत असताना टोपीचं झालं नाही, फौजेबाहेर झालं. गारगोटीचं असतानाच ते लष्कराच्या हातातून सुटलं आणि नंतरही कुणाला तरी ते वापरायचं होतं, एवढी गरज होती की त्यासाठी खर्च केला. सिंह आपल्याला लंडनचं सांगतो. ही तीन भोकं इकडच्या मुलखाचं सांगतात. तुम्ही अडून बसला नसता तर मी ती फक्त 'नंतरची दुरुस्ती' म्हणून एका ओळीत लिहिली असती.

मामाजी : अन् लढाईचं? ते असंच लटकत ठेवायचं?

भाची : एक जागा होती, जिथं ते सुटण्याची शक्यता होती. चापाभोवतीचं हे पितळी कडं बघा. तिरपा उजेड टाकते. अक्षराची एक पोटाकडची रेघ आणि पुढे दोन आकड्यांची सावली. अशा खुणा तुकडी आणि तिच्यातल्या हत्याराचा क्रमांक सांगतात. ती वाचता आली असती, तर रेजिमेंट कुठली याचा शोध घेता आला असता. रेजिमेंट कळली असती, तर ती सीताबर्डीला होती की नाही, हे कागदात बघता आलं असतं. पण ती वाचता येत नाही.

मामाजी : झिजली वापरून.

भाची : वापरून झिजलं असतं तर मुठीवरचं लाकूड आणि घोड्याचा अंगठा तेवढाच झिजला असता. ते खरखरीत आहेत. झिजलंय फक्त पितळ, तेही सगळीकडे सारखं. खंडेनवमीला काय करता तुम्ही याला?

मामाजी : दरवर्षी काढतो. चिंच आणि राखेनं पितळ घासतो, सोन्यासारखं होतं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. माझे वडील तसंच करत, त्यांचे वडीलही.

भाची : चिंचेचं आम्ल पितळ खातं आणि राख ते खरवडते. एका वर्षात कळत नाही. शंभर दसऱ्यांत अक्षर जातं.

भाचीनं हे दोष देण्यासाठी म्हटलेलं नाही आणि मीही तसं लिहीत नाही. ज्या घरात पूजा नव्हती, तिथली हत्यारं भंगारात गेली. इथलं टिकलं ते पूजेमुळे. पण त्याच पूजेच्या एका सवयीनं तो एकमेव धागा पुसला, जो आजीच्या गोष्टीला कागदापर्यंत नेऊ शकला असता.

मामाजी : मग पूजा बंद करू?

भाची : अजिबात नाही. फूल वाहा, अक्षता वाहा, ओवाळा. फक्त चिंच, राख, लिंबू, सँडपेपर, वाळू दूर ठेवा. पितळ मऊ कोरड्या कापडानं पुसा, काळं पडू द्या. लोखंडाला बोटभर हलकं तेल, जास्तीचं टिपून घ्या. हळदकुंकू धातूवर नको, खाली पाटावर लावा. त्यातली ओल लोखंडाला लागते. आणि प्रत्येक खुणेचे फोटो, बाजूला पट्टी ठेवून, उजेड तिरपा टाकून. पुढे कुणाला जास्त चांगलं उपकरण मिळालं तर ही सावलीसुद्धा वाचता येईल.

मामाजी : आता खरं विचारतो. हे घरात ठेवलं तर चालतं का? आपल्या जिल्ह्यानं इतकी वर्षं नक्षलवाद पाहिलाय. इथं हत्यार म्हटलं की पोलीस जागे होतात. वडिलांच्या परवान्यावर ठासणीची भरमार होती, पिकं राखायला. ते गेल्यावर मी ती ठाण्यात जमा केली. पिस्तूल मात्र कधीच कागदावर आलं नाही.

भाची : भरमार जमा केली ते बरोबर केलं, १९५९ च्या कायद्यात परवानाधारक गेल्यावर वारसानं तेच करायचं असतं. कायद्यालाही लांबी महत्त्वाची आहे, बघा. वीस इंचांपेक्षा कमी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि पिकं राखायला ठासणीची, यांच्या परवान्याची वाट वेगळी ठेवलीय. नऊ इंची पिस्तूल त्यात येत नाही. त्याच कायद्याचं ४५ वं कलम जुन्या धाटणीच्या, पुराण मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं, पण एका अटीवर. ते दुरुस्त करूनही चालवता येऊ नये. याचा घोडा पडतो, नळी मोकळी आहे. म्हणून ही सूट आपल्याला आपोआप मिळाली, असं धरायचं नाही. नियमांत जुन्या संग्राह्य हत्यारांसाठी सवलती आहेत, पण हे त्यात बसतं का, ते तुम्ही-मी ठरवायचं नाही.

मामाजी : मग घेऊन जातो बालाघाटला.

भाची : घेऊन नाही जायचं, बरोबर बाळगणं हाच वेगळा गुन्हा होऊ शकतो. आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेला आणि ठाण्याला लेखी कळवायचं. वारशानं आलंय, असं आहे, ही मापं, या खुणा, हे फोटो. ते सांगतील तसं करायचं. दोन गोष्टी मात्र कधी करायच्या नाहीत. नळी कापायची नाही आणि कुठलाही ठसा, आकडा घासून काढायचा नाही. दोन्हीला कायद्यात बंदी आहे आणि दोन्हींनी वस्तू मरते. विकायला कुणी आलं तरी परदेशात जाऊ द्यायचं नाही. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

मामाजी : आमच्या पूर्वजानं का नाही दाखवलं सरकारला, हे आता कळतं. १८७८ चा शस्त्र कायदा आला, परवान्याशिवाय हत्यार ठेवणं गुन्हा झाला. साहेबाला मोकळीक, आपल्याला बंदी. कोण जाऊन सांगेल, माझ्याकडं कंपनीच्या स्वाराचं पिस्तूल आहे म्हणून? कागद नाही याचं कारणसुद्धा इतिहासच आहे, बाई.

भाची : हे मी नोंदीत तुमच्या शब्दांत घेते. एक वही करू मामाजी. एका बाजूला बघितलेलं, नऊ इंच नळी, साडेसोळा मिलिमीटर तोंड, उभा सिंह, दोन लंडनचे ठसे, तीन बुजवलेली भोकं, कड्यावरची न वाचलेली खूण. दुसऱ्या बाजूला ऐकलेलं, कुणी कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, आजीचे शब्द जसे आठवतात तसे. एका बाजूचं दुसऱ्या बाजूत जाऊ द्यायचं नाही.

मामाजी : आजीचं ऐकलेलं आहे म्हणून खालच्या दर्जाचं, असं लिहू नको म्हणजे झालं.

भाची : दर्जा लिहितच नाही. सिंहानं सीताबर्डी पाहिली की नाही, ते त्याला विचारून उपयोग नाही. आणि नळी कुठल्या गावी तपासली, हे आजीला माहीत असायचं कारण नाही.

दोघांपैकी कुणाचं बरोबर, असा निकाल मला द्यायचा नाही, पण एक पक्ष मी नक्की घेतो. वस्तू आधी वाचावी आणि गोष्ट नंतर जोडावी, हा क्रम भाचीचा आहे आणि तो योग्य आहे. गोष्ट डोक्यात धरून खुणा बघितल्या की प्रत्येक सिंह सीताबर्डीचाच दिसू लागतो. पण वाचायचं काय, याची यादी फक्त शिक्क्यांपुरती ठेवली, तर लोहाराची कानस दिसत नाही. तिच्याकडे बघायला लावलं ते मामाजींच्या हट्टानं.

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. विदर्भातल्या किंवा बालाघाटच्या ज्या घरांत असं काही असेल, त्यांनी ते दालन एकदा पाहावं, आपल्या वस्तूची जातभाई हत्यारं ओळखावीत. पण त्याआधी काडीनं नळी तपासावी, ठाण्याला कळवावं, फोटो काढावेत, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून त्याचं सगळं बोलणं लिहून घ्यावं. आणि येत्या खंडेनवमीला चिंच आमटीतच घालावी. पितळेवर अजून एखादं अक्षर उरलं असेल, तर ते पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे.